गे बारच्या दारावर स्ट्रेट गिऱ्हाइकाला अडवता यावं का?

प्रश्न असा आला आहे. मेलबर्नला शिकायला आलेला एक स्ट्रेट, म्हणजे समलिंगी नसलेला, मराठी मुलगा वर्गातल्या सात-आठ मित्रमैत्रिणींबरोबर शनिवारी रात्री एका गे बारला गेला. दारावरच्या सिक्युरिटीने विचारलं, "ही गे लोकांची जागा आहे, माहीत आहे ना?" सगळ्यांनी हसत हो म्हटलं. तरीही, आत आधीच तुमच्यासारखे बरेच आहेत असं सांगून त्याने पूर्ण घोळका परत पाठवला. मुलाचं म्हणणं असं: हॉटेलवाल्याने गे जोडप्याला खोली नाकारली की आपण त्याला भेदभाव म्हणतो, मग माझ्याबाबतीत झालं तो भेदभाव का नाही?

मेलबर्न ऑस्ट्रेलियाच्या ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात मी दारूच्या परवान्यांची आणि समान संधी कायद्याची, म्हणजे भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याची, कामं करते. बारमालकांना सल्ला देते आणि दारावरून परत पाठवलेल्या लोकांच्या तक्रारीही हाताळते, त्यामुळे हा प्रश्न दोन्हीकडून माझ्या टेबलावर येतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हाही भेदभावच आहे, आणि तरीही काही जागांना तो करायची परवानगी असावी. मात्र ती परवानगी मालकाने आपली आपण घ्यायची नाही. ती मागावी लागली पाहिजे, कारणं दाखवून, ठरावीक मुदतीसाठी. आणि ती मिळाल्यावरही दारावरचा माणूस ती कशी वापरतो यावर सगळं अवलंबून आहे.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण आमच्याच शहरातलं. कॉलिंगवुड भागात पील हॉटेल नावाचा पब आहे (इथे जुन्या पबांना हॉटेलच म्हणतात). त्याचे मालक टॉम मॅकफीली यांनी राज्याच्या दिवाणी आणि प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ज्याला इथे सगळे व्हीकॅट म्हणतात तिथे, समान संधी कायद्यातून सूट मागितली. मे २००७ मध्ये उपाध्यक्ष केट मॅकेन्झी यांनी ती दिली. जगभर बातमी गेली ती "गे बारमध्ये स्ट्रेट लोकांना बंदी" अशी. बंदी तिच्यात नव्हतीच. आलेल्या लोकांच्या संख्येमुळे तिथल्या गे पुरुषांच्या सुरक्षिततेवर किंवा मोकळेपणावर परिणाम होत असेल, किंवा ती प्रामुख्याने गे पुरुषांची जागा उरणार नसेल, तर प्रवेश नाकारायची किंवा मर्यादित ठेवायची मुभा, एवढंच त्या आदेशात होतं. एकटादुकटा स्ट्रेट माणूस गे मित्राबरोबर आला तर त्याला अडवायचं कारणच त्यात बसत नाही.

कारणं काय होती ते नीट पाहायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. स्ट्रेट गट आत येऊन शिवीगाळ करायचे, टिंगल करायचे, कधी हातही उचलायचे. दुसरा त्रास हेन्स पार्ट्यांचा. लग्न ठरलेली मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, डोक्यावर खेळण्यातले मुकुट, अंगावर गुलाबी पट्टे, मिनीबसने गावभर बारमागून बार फिरायचे, आणि रात्रीचा मजेचा थांबा म्हणजे गे बार. या मुली वाईट नसतात. बहुतेकींना आपण किती मोकळ्या मनाच्या आहोत असंच वाटत असतं. पण एकमेकांचा हात धरून उभे असलेले दोन पुरुष त्यांच्या लेखी पाहायची गोष्ट होतात. कुणी न विचारता फोटो काढतं, कुणी अंगाला हात लावतं, कुणी "तू खरंच गे आहेस का, फुकट गेलास" म्हणतं. मॅकेन्झी यांनी निकालात याची तुलना प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांकडे बघण्याशी केली आणि त्यातून माणसाचं माणूसपण कमी होतं असा मुद्दा मांडला. मला तो शब्दशः पटतो. ज्याला आयुष्यभर रस्त्यावर, ऑफिसात, नातेवाइकांच्या लग्नात स्वतःकडे कोण बघतंय याचा अंदाज घेत वावरावं लागतं, त्याला आठवड्यातून एका रात्री तो अंदाज घ्यावा लागू नये, एवढ्यासाठी तो पैसे मोजून तिथे येतो.

या जागांचा इतिहासही विसरता येत नाही. व्हिक्टोरियात समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत ते १९८१ पासून. पण ७ ऑगस्ट १९९४ च्या पहाटे फ्लिंडर्स लेनमधल्या टेस्टी नावाच्या नाइटक्लबवर पोलिसांनी ड्रग्जच्या नावाखाली धाड घातली आणि आत असलेल्या ४६३ जणांना अडवून ठेवलं, कपडे उतरवायला लावून त्यांच्या झडत्या घेतल्या. पुढे न्यायालयात पोलीस हरले, नुकसानभरपाई द्यावी लागली, आणि जाहीर माफी मागितली गेली ती २०१४ मध्ये. पीलचा अर्ज झाला तेव्हा त्या रात्रीला तेरा वर्षंही झाली नव्हती. ज्यांची झडती झाली होती ते याच शहरातल्या गे बारमध्ये येत-जात होते. "नुसता बार आहे, एवढं काय" असं म्हणणाऱ्याला मी हे आवर्जून सांगते.

आता हॉटेलच्या खोलीचा मुद्दा. त्याचंही एक खरंखुरं प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातल्या एका छोट्या हॉटेलच्या धार्मिक मालकांनी २००८ साली नागरी भागीदारीत असलेल्या दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली. आम्ही फक्त विवाहित जोडप्यांना देतो, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये मालक हरले. मग गे बार जिंकतो आणि हे मालक हरतात, हे कसं?

नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की स्ट्रेट लोकांना जायला बाकीचं अख्खं शहर आहे. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. तो हॉटेलवालाही म्हणतोच की पलीकडच्या गल्लीत दुसरं हॉटेल आहे, तिकडे जा. मला निर्णायक वाटतं ते वेगळंच. शेजारच्या खोलीत दोन पुरुष झोपले म्हणून माझी खोली बदलत नाही. माझी झोप, माझा चहा, माझं बिल, सगळं तेच राहतं. बदलतं ते मालकाच्या मनात. गे बारचं तसं नाही. तिथे लोक नुसती बिअर प्यायला जात नाहीत, समोरचा आपल्यातला आहे हे गृहीत धरता यावं म्हणून जातात. दहातले आठ जण स्ट्रेट झाले की ते गृहीत धरणंच संपतं, आणि त्यासाठी कुणी वाईट वागण्याचीही गरज पडत नाही. एखाद्याकडे बघून हसावं की नाही, हा बाहेरचाच प्रश्न आत येऊन बसतो. म्हणजे मोठ्या संख्येतली उपस्थितीच त्या जागेला नाहीसं करते. मग स्ट्रेट गिऱ्हाईक ज्यासाठी आलं होतं तेही त्याला मिळत नाही, आणि गे गिऱ्हाईक तर आधीच निघून गेलेलं असतं.

मुंबईकरांना हे लेडीज डब्यावरून चटकन कळेल. राज्यघटनेच्या कलम १५(३) ने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायची मुभा दिली आहे, आणि लोकलमध्ये बायकांसाठी डबे राखलेले आहेत. तिथे पुरुष चढला तर तो त्रास देईल की नाही, हे तपासत कुणी बसत नाही. गर्दीच्या वेळी तो डबा सर्वांना खुला केला तर तो लेडीज डबा उरणार नाही, एवढं पुरतं. त्याचवेळी बाकीचे डबे पुरुषांना मोकळे असतात, आणि सगळी गाडी बायकांची करा असं कुणी म्हणत नाही. खरा त्रास, त्यावर मोजका उपाय, आणि ज्याला वगळलं त्याची सोय शाबूत, या तिन्ही गोष्टी तिथे जमतात.

पण ही तुलना एका जागी तुटते, आणि गे बारची सगळी अडचण नेमकी तिथेच आहे. लेडीज डब्यात कोण चढतंय ते बहुतेक वेळा दिसतं. लैंगिक कल दिसत नाही. दारावर उभा असलेला सिक्युरिटीवाला काय बघतो? कपडे, चाल, आवाज, केस, आणि इथे जे कुणी उघड बोलत नाही ते म्हणजे कातडीचा रंग.

माझ्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये स्ट्रेट माणसाच्या तक्रारी फार थोड्या. जास्त कोण येतं? भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन, अरब वंशाचे गे पुरुष. ऑफिसातून थेट आलेला, फॉर्मल शर्ट पॅंटमध्ये खोचलेला, मिशी ठेवलेला मराठी इंजिनियर, बरोबर त्याचा तसाच दिसणारा जोडीदार. यांना दारावर विचारलं जातं, "कुठल्या प्रकारचा बार आहे ठाऊक आहे का?" त्यांच्या मागच्या गोऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. घरी आईबाबांना सांगता आलेलं नाही, देश सोडून इथवर आला, आणि ज्या एका दारावर स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही असं त्याला वाटलं होतं तिथेच ते द्यावं लागलं. हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दरवेळी तितकंच लागतं. दुसरा वर्ग उभयलिंगी (बायसेक्शुअल) लोकांचा, म्हणजे ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांचंही आकर्षण वाटतं त्यांचा. बायको किंवा मैत्रीण बरोबर असलेला उभयलिंगी पुरुष दारावर सरळ स्ट्रेट ठरतो. तिसरा ट्रान्स स्त्रियांचा. आणि पीलच्या आदेशात तर लेस्बियन स्त्रियांनाही नाकारायची मुभा होती. गे पुरुषांच्या जागेत त्यांची संख्या वाढली तर तीही जागा बदलते, हा तर्क मला समजतो, पण तो भाग मला कायम कच्चा वाटत आला आहे. गे पुरुषांपेक्षाही ज्यांना शहरात कमी जागा आहेत, त्यांनाच स्ट्रेट घोळक्याबरोबर एका रांगेत उभं करणं मनाला पटत नाही.

म्हणून बारमालक सल्ल्याला आला की माझी पहिली अट अशी असते: कुणालाही त्याची लैंगिकता विचारायची नाही, सिद्ध करायला लावायची तर मुळीच नाही. जागेबद्दल सांगा, माणसाबद्दल विचारू नका. "ही गे पुरुषांची जागा आहे, इथे फोटो काढता येत नाहीत, कुणाला न विचारता हात लावला तर बाहेर जावं लागेल, चालेल ना?" एवढं वाक्य प्रत्येकाला, एकाच सुरात, मराठी इंजिनियरला आणि गोऱ्या पोराला सारखंच म्हणायचं. ज्यांना गंमत बघायची असते ते बहुधा तिथूनच मागे फिरतात. माझ्या अनुभवात व्हीकॅटच्या सुटीचा खरा उपयोग बाहेर लावलेल्या पाटीचा आहे. ती वाचून लोक स्वतःच ठरवतात, आणि दारावर नाही म्हणायची वेळ क्वचित येते.

दुसरी अट घोळक्यांची. मोठ्या गटाने आधी कळवावं, मुकुट-पट्टेवाल्या लग्नाच्या पार्ट्या घेतल्या जाणार नाहीत, हे नियम सर्वांना लागू करा, गे लग्नाच्या पार्टीलाही. अशा नियमाला लैंगिकतेच्या सुटीची सहसा गरज पडत नाही. दारू पिऊन भांडणाऱ्याला किंवा दंगा करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार दारू परवान्याच्या कायद्याने मालकाला तसाही आहे. निम्म्याहून जास्त प्रश्न इथेच सुटतात. अमेरिकेत वेस्ट हॉलिवुडमधल्या ॲबी या प्रसिद्ध गे बारने २०१२ मध्ये नववधूंच्या पार्ट्या बंद केल्या, तेही असंच. ज्यांना स्वतःला लग्नाचा हक्क नाही त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नाचा जल्लोष कशाला, हे त्यांचं कारण होतं. बंदी पार्टीवर होती, स्ट्रेट माणसावर नव्हती.

ॲबी ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियात खरं तर याहून जास्त काही करताही आलं नसतं. तिथला १९५९ चा अनरू कायदा व्यवसायांना गिऱ्हाइकांत असा भेद करूच देत नाही. त्याच्याच आधारावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये "लेडीज डे"च्या सवलतीसुद्धा बेकायदा ठरवल्या. ब्रिटनमध्येही ३० एप्रिल २००७ पासून, म्हणजे पीलला सूट मिळाली त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सर्वांना खुल्या असलेल्या बारला लैंगिक कलावरून कुणाला नाकारता येत नाही, आणि हा नियम गे बारलाही लागू आहे. सभासदांची रीतसर संस्था काढली तर मात्र तिचं सभासदत्व एका गटापुरतं ठेवता येतं. लंडनमधल्या क्विअर (गे, लेस्बियन, ट्रान्स अशा सगळ्यांच्या) जागा २००६ ते २०१७ या काळात निम्म्याहून अधिक बंद पडल्या. त्याचा दोष कायद्यावर टाकणं चुकीचं ठरेल. भाडी वाढली, जुन्या इमारती पाडल्या गेल्या, ओळखी फोनवरच्या ॲपवर होऊ लागल्या. पण जागा जसजशा कमी होतात तसतशी उरलेल्यांची किंमत वाढते, आणि तिथली गर्दीही सगळ्यांची होत जाते.

मालकाच्या गल्ल्याचाही विचार करावा लागतो. स्ट्रेट घोळका महागडी कॉकटेल घेतो. नेहमीचं गिऱ्हाईक एक बिअर घेऊन दोन तास बसतं. शुक्रवारी हेन्स पार्टी नाकारणं म्हणजे त्या रात्रीचं उत्पन्न सोडणं. म्हणूनच अशी सूट मागणारे मालक थोडे असतात, आणि जे मागतात त्यांचा हेतू बहुधा खरा असतो. "ही परवानगी दिली तर उद्या सगळेच बार भेदभाव करतील" ही भीती मला त्यामुळे फारशी खरी वाटत नाही.

त्याहून खरी भीती दुसरी आहे. "आमची जागा, आमची माणसं" हे वाक्य जगातल्या प्रत्येक बंद क्लबने वापरलं आहे. १८७५ मध्ये सुरू झालेला बॉम्बे जिमखाना युरोपियनांपुरताच होता, आणि तिथल्या सभासदांनाही मोकळं वाटावं हाच त्यामागचा युक्तिवाद असणार. फरक कायद्याने करायला हवा, आणि व्हिक्टोरियाचा आजचा कायदा तो बऱ्यापैकी करतो. २०१० च्या समान संधी कायद्यात "विशेष उपाय" नावाची तरतूद आहे: एखाद्या गटाला प्रत्यक्षातली समानता मिळावी म्हणून, प्रामाणिक हेतूने, त्या गटाची खरी गरज असेल तर आणि गरजेच्या प्रमाणात वेगळी वागणूक देता येते. गरज आहे हे सिद्ध करायची जबाबदारी वेगळी वागणूक देणाऱ्यावर. ते जमत नसेल तर व्हीकॅटकडे सूट मागायची. ती जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, राज्याच्या राजपत्रात छापली जाते, आणि देताना मानवी हक्कांच्या सनदेशी तिचा मेळ बसतो का ते पाहावं लागतं. पाच वर्षांनी पुन्हा जाऊन कारणं सांगायची. शहर बदललं असेल, त्रास उरला नसेल, तर सूटही उरू नये. बॉम्बे जिमखाना या परीक्षेत पहिल्याच प्रश्नावर नापास झाला असता.

अलीकडे याच मुद्द्यावर ऑस्ट्रेलियाच्याच टास्मानिया राज्यात एक लक्षवेधी निकाल लागला. होबार्टच्या मोना संग्रहालयात फक्त स्त्रियांना प्रवेश असलेलं दालन होतं. एका पुरुषाने तक्रार केली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने पुरुषांना आत घ्या असा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. स्त्रियांना बाहेर जो उलटा अनुभव येतो त्यावर हा उपाय आहे, आणि कायद्यातल्या समान संधीच्या अपवादात तो बसू शकतो, असा त्याचा रोख होता. कायदा टास्मानियाचा, तिथल्या शब्दांवर आधारलेला, पण विचाराची दिशा पीलचीच.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करू देत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, पण खासगी बारने लैंगिक कलावरून कुणाला अडवलं तर थेट लागू होईल असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, सेवा नाकारण्याला त्यात मनाई आहे. मुंबई-पुण्यात रोज घडणारा भेदभाव मात्र उलट दिशेचा आहे: "स्टॅग एंट्री नाही, कपल ओन्ली." म्हणजे बाई बरोबर नसलेल्या पुरुषाला प्रवेश नाही. दोन पुरुष एकत्र आले की ते कपल नाहीत, हे दारावर ठरूनच गेलेलं असतं. तिथे कुणी क्विअर पार्टी ठेवत असेल तर पाहुण्यांची यादी, आधी नोंदणी आणि वागण्याचे लेखी नियम या वाटेनेच जावं. दारावर चेहरे वाचायला कुणाला उभं करू नये.

आता ज्याने विचारलं त्याच्यासाठी. तुम्ही सात-आठ जण एकदम गेलात, शनिवारी, आत आधीच गर्दी असताना. त्या बारकडे सूट असेल तर नेमकं हेच करायची त्याला मुभा आहे, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. सूट आहे की नाही ते कळणं अवघड नाही: प्रवेशाजवळ पाटी आहे का बघा, राजपत्रात शोधा, नाहीतर बारला ईमेल करून सरळ विचारा. सूट नसेल आणि नाकारण्याचं कारण तुमचा लैंगिक कल हेच असेल, किंवा घोळक्यातल्या गोऱ्यांना आत घेऊन तुम्हालाच थांबवलं असतं, तर राज्याच्या समान संधी आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. वर्षाच्या आत केलेली बरी, नंतर आयोग ती घ्यायला नकार देऊ शकतो. थेट व्हीकॅटकडेही जाता येतं. तक्रार करायची असेल तर त्या रात्रीची वेळ, सिक्युरिटीवाल्याने वापरलेले शब्द आणि तुमच्या आधी व नंतर कुणाला आत घेतलं, एवढं आजच लिहून ठेवा.